बफेलोला एकदाही स्टॅनली कप मिळवून न देणारा डोमिनिक हाशेक सर्वश्रेष्ठ गोलरक्षक कसा?

तुमचं म्हणणं असं, की हाशेक अमेरिकेतल्या बफेलो सेबर्स या आइस हॉकी संघाकडून नऊ मोसम खेळला तेव्हा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगचा विजेतेपदाचा चषक, मिळाला नाही, आणि 2002 मध्ये मिळाला तो डेट्रॉइटच्या बलाढ्य संघात गेल्यावर. मग एवढं कौतुक कशाला? माझ्या मते ती बफेलोची नऊ वर्षंच त्याच्या थोरवीचा खरा पुरावा आहेत.

27 एप्रिल 1994 ची रात्र घ्या. प्लेऑफमधला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीतला, सातपैकी चार जिंकायच्या लढतीचा सहावा सामना, समोर न्यू जर्सी डेव्हिल्स, हरलं की घरी. साठ मिनिटं संपली, 0-0. एकामागून एक जादा वेळ सुरू झाला आणि चौथ्या जादा वेळेत बफेलोच्या डेव्ह हॅननने गोल केला. तोवर हाशेकने 70 फटके अडवले होते. सत्तरच्या सत्तर! सहा फूट रुंद, चार फूट उंच गोलसमोर उभं राहून, आणि पक, म्हणजे रबराची चकती, ताशी दीडशे किलोमीटरने अंगावर येत असताना. सातवा सामना बफेलो 2-1 ने हरली. कपच मोजायचे तर त्या रात्रीची किंमत शून्य. मला हा हिशेब पटत नाही.

इथवर पोचायला त्याला फार वेळ लागला. चेकोस्लोव्हाकियातल्या पार्दुबित्से गावचा हा मुलगा. शिकागोच्या संघाने 1983 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला 199व्या क्रमांकावर निवडलं, पण तो अमेरिकेत आला 1990 मध्ये, पंचविशीत. तिथे एड बेलफोर पहिला गोलरक्षक, त्यामुळे याची रवानगी अधूनमधून खालच्या लीगमध्ये इंडियानापोलिसला. त्याची शैलीही शिस्तीत बसणारी नव्हती. तो बर्फावर लोळायचा, पाठीवर पडून पाय वर टाकायचा, काठी सोडून देऊन त्याच हाताने पक दाबून धरायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, हा नशिबावर तरतोय. पण नशीब सहा मोसम टिकत नाही. 1993-94 पासून सलग सहा मोसम फटके अडवण्याच्या टक्केवारीत एनएचएलमध्ये तोच पहिला. सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी सहा वेळा, आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी 1997 व 1998 अशी दोनदा. दुसऱ्या कुठल्याही गोलरक्षकाला हार्ट दोनदा मिळालेली नाही.

1999 मध्ये त्याने बफेलोला अंतिम फेरीपर्यंत नेलं. सहाव्या सामन्यात, तिसऱ्या जादा वेळेत, डॅलसच्या ब्रेट हलने गोल केला तेव्हा हलचा स्केट गोलरक्षकासाठी राखलेल्या निळ्या क्षेत्रात होता. तो गोल धरायला हवा होता का, यावर बफेलोत आजही वाद होतो. मला तर तो अजून सलतो.

आणि नागानो 1998. ऑलिंपिकची उपांत्य फेरी, समोर कॅनडा. चेक संघ 1-0 ने पुढे होता, शेवटचं मिनिट लागायच्या बेतात असताना ट्रेव्हर लिंडनने बरोबरी केली. मग पेनल्टी शॉट. कॅनडाकडून फ्लुरी, बोर्क, न्यूवेंडाइक, लिंड्रॉस, शॅनहॅन. पाचही जण रिकाम्या हाताने परतले, आणि कॅनडाचा सर्वांत मोठा तारा वेन ग्रेट्झ्की बाकावर बसून राहिला, त्याला पाठवलंच नाही. चेकांकडून एकट्या राइखेलचा गोल झाला, तेवढा पुरला. ते पाच फटके मी कितीदा तरी पाहिलेत. तुम्हीही पाहा, आणि नजर फक्त हाशेकवर ठेवा. फटकेबाजाला आधी हालचाल करायला लावण्याची त्याची चिकाटी दिसेल. दोन दिवसांनी रशियावर 1-0 ने विजय, सुवर्णपदक.

डेट्रॉइटच्या 2002 च्या यशातही तो नुसता प्रवासी नव्हता, त्या प्लेऑफमध्ये सहा सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. 2008 चा दुसरा कप मात्र त्याच्या नावावर फार धरू नका, पहिल्या फेरीतच त्याची जागा ख्रिस ऑसगुडने घेतली होती.

त्यानंतर तो पार्दुबित्सेला परतला. 1987 आणि 1989 मध्ये त्याच गावाच्या संघाबरोबर तो देशाची लीग जिंकला होता. 2010 मध्ये पुन्हा जिंकला, पंचेचाळिसाव्या वर्षी, गोलमध्ये उभा राहून.