टीम माझ्याशी मोकळेपणाने का बोलत नाही?

मॅनेजर मंडळींकडून हा प्रश्न मी वरचेवर ऐकते. तोच घेऊन आलेल्या एका विभागप्रमुख बाईंची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई कामाला चोख, हाताखालच्यांना वेळ देणाऱ्या. तरी मीटिंगमध्ये सगळे नुसत्या माना डोलावत, अडचण कुणीच सांगत नसे. रजेच्या अर्जावर पूर्वी लोक ‘आईचं ऑपरेशन’, ‘मुलाची परीक्षा’ असं लिहायचे. आता सगळ्यांचं कारण एकच: ‘वैयक्तिक काम’.

“टीममधल्या एकाबद्दल दुसऱ्याशी अलीकडे काय बोललात?” मी विचारलं. त्यांना लगेच आठवलं. एका सहकाऱ्याचा घटस्फोट चालू होता. त्याने विश्वासाने ते यांच्या कानावर घातलं आणि यांनी दुसऱ्या एकीला सांगितलं, “तू जवळची म्हणून सांगते हं, कुठे बोलू नकोस.”

“पण मी काळजीपोटीच बोलले,” त्या म्हणाल्या. काळजी खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण ऐकणारीचं काय झालं असेल? घटकाभर तिला आपण खास आहोत असं वाटलं असेल. मग मनात हिशेब सुरू होतो: माझ्या तब्येतीचं मी यांना सांगितलं होतं, ते कुणाकुणाला कळलं असेल? वरिष्ठांच्या हातात मूल्यमापन असतं, बढती असते. त्यामुळे त्यांचं सहज बोललेलं वाक्यही शेऱ्यासारखं ऐकलं जातं, आणि ऐकणाऱ्याला “मला हे नका सांगू” म्हणायचीही सोय नसते. १९९८ साली मानसशास्त्रज्ञ जॉन स्कोव्रॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं, की आपण दुसऱ्याचा जो अवगुण सांगतो तो ऐकणाऱ्याच्या मनात नकळत आपल्यालाच चिकटतो. ‘तो बेभरवशाचा आहे’ असं सांगणारे साहेबच बेभरवशाचे वाटू लागतात.

बाईंना आधी शोधायचं होतं, की घटस्फोटाची गोष्ट पुढे फोडली कुणी. मी त्यांना ठामपणे थांबवलं. असा शोध सुरू झाला की जे थोडंफार बोलतात तेही गप्प होतात. त्याऐवजी त्यांनी त्या सहकाऱ्याला एकट्याला गाठून सांगितलं, “तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी दुसरीकडे बोलले. चुकलं माझं. पुन्हा होणार नाही.” ‘काळजीपोटी’ हा शब्द मी मुद्दाम गाळायला लावला होता, नाहीतर यांची समजूत घालायचं काम त्याच्यावरच पडलं असतं. तो “बरं” म्हणाला आणि गेला. बाई हिरमुसल्या. माफी मागितली म्हणून लगेच मन मोकळं करा, असं कुणाला सांगता येत नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला.

पुढे आम्ही एवढंच ठरवलं: कुणाच्या कामाबद्दल त्याच्याशीच बोलायचं, किंवा ज्याला त्यावर काही करायचं आहे त्याच्याशी, तेही कामापुरतं. “या महिन्यात त्याचं काम वाटून घ्यायचंय” एवढं पुरे. का, ते सांगायची गरज नाही. कुणी दुसऱ्याची कागाळी घेऊन आलं तर “हे त्यांच्याशी बोललात का?” असं विचारायचं.

काही महिन्यांनी एक जण आपणहून सांगायला आला, की काम मुदतीत होणार नाही. मुदत टळण्याआधीच. घटस्फोटाचं सांगणारा मात्र कामाव्यतिरिक्त पुन्हा काही बोलला नाही. तो त्याचा हक्क आहे.

“मग मी मन कुठे मोकळं करायचं?” बाईंनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे, त्या खुर्चीतला एकटेपणा खराच असतो. दुसऱ्या विभागातली बरोबरीची व्यक्ती, आपले वरिष्ठ किंवा समुपदेशक यांच्याशी बोलावं. सहकाऱ्याचं नाव न घेता, आणि त्याच्या अडचणीपेक्षा आपल्या अडचणीबद्दल.