आजारपणाच्या आधीचे बाबा आठवतच नाहीत

दीर्घ आजारानंतर घरातलं माणूस गेलं की वर्षभरात कुणी ना कुणी समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून हे सांगतं: चेहरा आठवायला जावं तर शेवटचाच आठवतो. धडधाकट माणूस गेला कुठे? आपण त्याला विसरलो की काय? ही भीती कधीकधी दुःखापेक्षा जास्त छळते, कारण तिच्यात अपराधीपणा कालवलेला असतो.

दांडिया बाजारातली एक लेक हेच घेऊन आली होती. (घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वडील बडोद्याच्या पाणीपुरवठ्यातले सिव्हिल इंजिनिअर, तिथल्याच कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. निवृत्तीनंतर मधुमेहानं किडन्या गेल्या आणि पुढची सहा वर्षं डायलिसिसवर निघाली. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. गाडी चालवायची हिनं, खुर्चीशेजारी बसायचंही हिनंच. आता वर्षश्राद्धाला नातेवाइकांत वाटायला चार पानी स्मरणिका काढायची होती. पुण्याहून भावाचा फोन आला होता, ‘आजारपणाचं काही लिहू नकोस. बाबांचं काम लिही.’ आणि हिला काम आठवेना. कागद पुढे घेतला की डोळ्यांसमोर सुया, सुजलेली पावलं, आडवं झोपवेना म्हणून बसून काढलेल्या रात्री.

मी तिला म्हटलं, सहा वर्षं तू पहारा दिलास. ताटातलं मीठ, पायावरची सूज, शेजारच्या खोलीतला श्वास. ज्याच्यावर पहारा असतो ते मन घट्ट धरून ठेवतं, आणि पहारा उठलाय हे त्याला लगेच उमगत नाही. तू विसरलेली नाहीस, जुनं खाली दबलंय.

अशा वेळी जुने फोटो काढून बसा, असा सल्ला सगळे देतात. मी सहसा देत नाही. लग्नाच्या फोटोतला सुटाबुटातला माणूस आपल्याशी काही बोलत नाही. भावाचा सल्ला मला त्याहून अवघड वाटला. सहा वर्षं वगळायची म्हणजे ज्या काळात ही वडिलांच्या सगळ्यात जवळ होती तोच काळ वगळायचा. त्या खुर्चीत बसलेले बाबाच होते ना?

म्हणून मी विचारलं, “डायलिसिस चालू असताना ते काय करायचे?”

“वही लिहायचे.”

“मग ती आण ने पुढच्या वेळी.”

वही अगदी खात्यातल्या लॉगबुकसारखी आखलेली होती. तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब, दिवसभरात प्यालेलं पाणी, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. इतकी वर्षं तिनं डॉक्टरांना दाखवायला वजनाचे रकाने पाहिले होते. शेरे कधी धड वाचलेच नव्हते. ते आम्ही मोठ्यानं वाचले.

पहिल्या महिन्यातला शेरा: ‘मशीनला मिनिटाला ५०० मि.ली. द्रव लागतो. ४ तासांचे १२० लिटर. मला दिवसाला १ लिटर. तक्रार कुणाकडे करावी?’ (किडन्या गेल्या की प्यालेलं पाणी अंगात साठतं, म्हणून ते मोजून प्यावं लागतं.)

दुसरा: ‘कार्बनच्या टाकीची चाचणी आज झाली का विचारलं. टेक्निशियन चिडला. परवा पुन्हा विचारणार.’

हा शेरा तिला कळला नाही, मला मात्र ठाऊक होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पिणाऱ्याला बाधत नाही. डायलिसिसमध्ये पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. क्लोरीन आणि क्लोरामाइन तो ओलांडून तांबड्या पेशी फोडू शकतात. म्हणून आरओच्या आधी पाणी कार्बनमधून सोडतात आणि क्लोरीन उरलंय का ते तपासतात. ज्यानं नोकरीभर शहराच्या पाण्यात क्लोरीन घातलं, तो आता ते नीट काढलंय ना, यावर डोळा ठेवून होता. हे सांगितल्यावर ती या खोलीत पहिल्यांदा हसली. “तो मुलगा मग स्वतःच चाचणीची पट्टी घेऊन यायचा, ‘जुओ साहेब’ म्हणत. मला वाटायचं बाबा उगीच त्रास देतात.”

मग ३१ जुलै २०१९चं पान आलं. बडोदेकरांना ती तारीख सांगावी लागत नाही. चोवीस तासांत वीस इंचांच्या घरात पाऊस, वस्त्यांत पाणी, रस्त्यावर मगरी. बुधवार होता, म्हणजे डायलिसिसचा वार. तिला त्या दिवसाचं एवढंच आठवत होतं की ती खिडकी आणि बाबांची छाती आळीपाळीनं बघत बसली होती. वहीत लिहिलं होतं: ‘रस्ता बंद. आजचं चुकलं. पाणी निम्म्यावर. फळ, बटाटा, डाळ बंद.’ डायलिसिस चुकलं की पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे त्यांना पाठ होतं. त्याखाली: ‘आजव्याची पातळी विचारायला ७ फोन. तळमजलावाल्यांना सामान वर न्यायला सांगितलं. लेक रागावली.’ आजवा म्हणजे शहराला पाणी पुरवणारा तलाव.

“हो, रागावले होते. फोन ठेवा म्हटलं होतं,” ती म्हणाली. मग जरा थांबून आपणहून सांगू लागली. ती चौथीत असताना बाबांनी ताट तिरकं धरून आमटी एका कडेला आणली होती. सयाजीराव महाराजांच्या वेळचं आजव्याचं पाणी असं उतारानं शहराकडे येतं, हे समजवायला. आमटी सांडली, आई ओरडली. त्यापाठोपाठ स्कूटर आली, साइटवरचे चिखलाचे बूट आले, दुपारी आणलेली सेव-उसळ आली. हे नेहमी घडेल असं नाही, पण आजारपणाच्या आतून गेलं की मागचं दार उघडलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय.

तिला एक पथ्य मात्र घातलं. वही संध्याकाळी अर्धा तासच उघडायची, मग सुरसागर तलावाला फेरी मारायची. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं होतं की शोकातला माणूस गेलेल्याकडे आणि पुढच्या दिवसांकडे अशी ये-जा करत सावरतो. एका बाजूला मुक्काम ठोकला की अडतं. हिला वहीत राहायला गेलेलं मला नको होतं.

सगळ्यांना एवढ्यानं भागत नाही. सहा महिन्यांनंतरही शोक तितकाच तीव्र असेल आणि रोजचं जगणं मोडून पडलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो वेगळा विकार धरतात. तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा. ‘मीही जावं’ असं मनात येत असेल तर सहा महिने कसले, त्याच दिवशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत.

स्मरणिका निघाली. दोन पानं नोकरीची, दोन वहीतली. भाऊ बाकी सगळ्याला कबूल झाला, एका शेऱ्यावर अडला: ‘आज २०० मि.ली. चोरून, बेसिनपाशी. हिनं पाहिलं, बोलली नाही.’ बाबा पाणी चोरायचे हे चार लोकांत कशाला? आईनं लेकीच्या हातातून फोन घेतला. “छापू दे तिला. पाहिलं होतं मी.”