नाताळ येऊच नये असे वाटते तेव्हा

डिसेंबर लागला की जळगाव-भुसावळ भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून एक प्रश्न समुपदेशक म्हणून मला हमखास ऐकू येतो : "सगळीकडे आनंद आहे आणि मला मात्र रडू येते, माझा विश्वासच कमी पडतो आहे का?" कोणाच्या घरात वर्षभरात मृत्यू झालेला असतो, कोणाचा मुलगा सुरतेला कामाला गेलेला असतो आणि सणालाही येणार नसतो, तर कोणाला नवे कपडे, फराळ आणि पाहुणे यांचा खर्च झेपत नसतो. कारणे निरनिराळी असली तरी प्रश्नातला अपराधीपणा सारखाच असतो, आणि मूळ दुःखापेक्षा तो माणसाला अधिक पोखरतो असे माझे ठाम मत झाले आहे.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत आयुष्य गेलेल्या एका बाईंची हकीकत त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून येथे सांगते. त्यांचे पती मार्चमध्ये वारले. त्यानंतर ईस्टर आला आणि गेला, बाईंनी घर सांभाळले, पेन्शनची कागदपत्रे स्वतः पूर्ण केली. मात्र नाताळची गाणी घरोघरी गाणारी कॅरल पार्टी कोणत्या रात्री आणायची हे विचारायला तरुण संघाची मुले दारात आली, तेव्हा त्यांनी दार लावून घेतले. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला.

"मावशी, सण नको वाटतो का?" मी विचारले.

"नको वाटतो. पण चर्चच्या मंडळीतल्या बहिणी म्हणतात, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असे प्रेषित पौलाने लिहिले आहे. मग मी रडायचे कोणत्या तोंडाने?"

मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांच्या हाती दिले आणि पौलाने थेस्सलनीका येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले १३ ते १८ हे वचन मोठ्याने वाचायला सांगितले. जिवलग गेले म्हणून व्याकूळ झालेल्या माणसांना पौल तेथे धीर देतो आहे आणि शेवटी एकमेकांचे सांत्वन करा असे सांगतो आहे. त्यांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "रडू नका असे तर तो कुठेच म्हणत नाही. आशा सोडू नका म्हणतो." हा अर्थ त्यांचा त्यांना सापडला याचे मला समाधान आहे, कारण समुपदेशकाने हातात ठेवलेले उत्तर घरी पोहोचेपर्यंत टिकत नाही.

पुढच्या एका भेटीत मी विचारले की नाताळातला सर्वांत जड वेळ कोणता वाटतो. मध्यरात्रीची उपासना असेल असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, २५ तारखेची संध्याकाळ. दिवसभर करंज्या आणि केक खाऊन कंटाळलेल्या पाहुण्यांसाठी त्यांचे पती अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत, लाकडी बडगीत ठेचत आणि मिरची कमी पडली की आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारत. "आता ती हाक कोण मारणार?" एवढे म्हणून त्या कितीतरी महिन्यांनी मोकळ्या आवाजात रडल्या. मग एकदम म्हणाल्या, "देवाने निदान हा नाताळ तरी होऊ द्यायचा होता," आणि पाप घडल्यासारखा पदर तोंडाशी नेला.

मी सांगितले, "मावशी, तुम्ही आत्ता प्रार्थना केलीत." आम्ही बायबलातल्या स्तोत्रसंहितेचे १३वे स्तोत्र उघडले, त्याच्या आरंभीच स्तोत्रकर्ता परमेश्वराला 'कोठवर' असे चार वेळा विचारतो. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकातून कोणी काढून टाकले नाही. मग येशूच्या जन्माची कथा सांगणाऱ्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, बाळ येशूला भेटी देऊन परतल्यावर हेरोद राजा बेथलेहेमातली बाळे मारतो आणि मत्तय यिर्मया संदेष्ट्याचे वचन आठवतो : इस्राएलची पूर्वमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन घ्यायला तयार नाही. तिला तेथे कोणी दटावत नाही. बाई बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या नाताळातही माझ्यासारख्या बाया होत्या."

माझ्या मते सगळे समुपदेशन या वाक्यात आले. आपल्या उपदेशांतून आणि गव्हाणीच्या देखाव्यांतून राहेल गाळली जाते, त्यामुळे शोक करणाऱ्याला आपण सणाच्या बाहेर आहोत असे वाटते. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले की शोकात असलेला माणूस कधी दुःखाकडे तर कधी रोजच्या जगण्याकडे अशा येरझाऱ्या घालतो आणि त्याला दोन्हींची गरज असते. विश्वास त्या येरझाऱ्या थांबवत नाही. दोन्ही टोकांना देव सोबत आहे एवढी खात्री तो देतो, आणि माझ्या अनुभवात ती पुरते.

म्हणून अशा घरांना मी सांगते की सण पूर्ण करू नका आणि पूर्ण टाळूही नका. एक रीत ठेवा, एक या वर्षी सोडा, एक बदला. बाईंनी चांदणी लावली, फराळ विकत आणला आणि वांगी भाजण्याचे काम मुलाला दिले. उपासनेला दाराजवळच्या बाकावर बसावे, म्हणजे भरून आले तर संकोच न करता बाहेर जाता येते. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत गेलेल्या माणसाचे नाव जरूर घ्यावे. नाव टाळल्याने घर अधिक अवघडते. सगळ्या भेटीगाठी एकाच दिवशी उरकण्याचेही कारण नाही, नाताळचा काळ परंपरेने ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. खर्चाचा आकडा पती-पत्नीने आधी ठरवावा आणि मुलांनाही स्पष्ट सांगावा, कारण कर्जाने आणलेल्या कपड्यांचा ताण जानेवारीत घरातच भांडण होऊन बाहेर पडतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक गेली असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर केवळ प्रार्थनेवर थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, किंवा टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलावे. औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, हा समज मी दरवर्षी खोडून काढते.

पाळकसाहेबांनाही माझी एक विनंती आहे. काही देशांतल्या चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकग्रस्तांसाठी वेगळी उपासना होते. आपल्याकडे तेवढे जमले नाही, तरी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांतल्या, एखाद्या रविवारी वर्षभरात निवर्तलेल्यांची नावे वाचावीत आणि त्या घरांना आधी कळवावे. बाईंच्या मंडळीत ही मागणी त्यांनी स्वतःच केली आणि ती मान्य झाली.