शाळेचा तो फॉर्म आणि प्यूपिल प्रीमियम: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या प्रायमरी शाळांच्या जेवणाबद्दल लिहिलं होतं, त्यात प्यूपिल प्रीमियमचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता आणि सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली, म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्याच्यावरच. ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: २०११ पासून इंग्लंडमध्ये गरीब घरातल्या प्रत्येक मुलामागे सरकार शाळेला जादाचे पैसे देतं. पहिल्या वर्षी ४८८ पाउंड होते, २०२५-२६ ला प्रायमरीच्या मुलामागे १,५१५ आणि सेकंडरीच्या मुलामागे १,०७५. (हे फक्त इंग्लंडचं, स्कॉटलंड आणि वेल्सच्या स्वतःच्या वेगळ्या योजना आहेत.) मी एका प्रायमरी शाळेत गव्हर्नर, म्हणजे शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाची सदस्य आहे आणि हा पैसा कुठे जातो ते बघणं हे माझ्याकडचं काम आहे, त्यामुळे जे बघितलंय त्यावरूनच सांगते.

प्रश्न: ताई, मुलगी इयर वनला आहे. तिला शाळेत जेवण फुकटच आहे, सगळ्यांनाच आहे. तरी ऑफिसमधून फ्री स्कूल मील्सचा फॉर्म भरा म्हणून तीनदा मेसेज आला. मिस्टरांचा जॉब गेल्यापासून आम्ही युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे कमी कमाईच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर आहोत, मी आठवड्याला आठ तास दुकानात काम करते. सासूबाई म्हणतात जेवण मिळतंय ना, मग कशाला नातीवर गरीब म्हणून शिक्का मारून घ्यायचा. काय करू?
एक आई, स्लाऊ

उत्तर: आज रात्रीच भरा. तुमची मुलगी आत्ता जेवतेय ते वेगळ्या योजनेतून, सप्टेंबर २०१४ पासून रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा वर्ग), इयर वन आणि इयर टूच्या सगळ्याच मुलांना घरचं उत्पन्न न बघता जेवण मिळतं, आणि ती योजना चांगलीच आहे, पण तिच्यामुळे झालं काय की फॉर्म भरायचं कारणच आईबापांना दिसेनासं झालं. आधी जेवण हवं असायचं म्हणून लोक फॉर्म भरायचे आणि त्यातूनच शाळेला प्रीमियम मिळायचा. आता जेवण आपोआप मिळतं, पण प्रीमियम आपोआप मिळत नाही. सरकार ताटं मोजत नाही, नोंदलेली नावं मोजतं. तुमचं नाव नोंदलेलं नसेल तर कागदावर तुमची मुलगी खात्यापित्या घरातली, आणि शाळेला तिच्यामागे एक पेनीही जादा नाही. लंडनमध्ये तर सप्टेंबर २०२३ पासून मेयरच्या योजनेत सरकारी प्रायमरी शाळांमधल्या सगळ्या वर्गांना जेवण आहे, त्यामुळे हॅरो, वेंब्ली, हाउन्सलोच्या वाचकांनी तर हे दोनदा वाचा, तुमच्याकडे हा घोळ इयर सिक्सपर्यंत आहे.

युनिव्हर्सल क्रेडिट असेल आणि घरातली कमाई टॅक्स कापून वर्षाला ७,४०० पाउंडांच्या आत असेल तर मूल बसतं, बेनिफिटचे पैसे त्यात धरत नाहीत. तुमच्या आठ तासांत तुम्ही नक्की आत आहात. काउन्सिलच्या साइटवर नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची, पाच मिनिटांचं काम आहे. आणि एकदा नाव नोंदलं की पुढची सहा वर्षं ते धरलं जातं, मधे मिस्टरांना चांगला जॉब लागला तरीही. म्हणजे हिशोब करा, आत्ताचाच दर धरला तरी सहा वर्षांचे नऊ हजार पाउंडांच्या वर, तुमच्या एका फॉर्ममधून. मोजणी ऑक्टोबरच्या सेन्ससला, म्हणजे शाळांतल्या मुलांच्या सरकारी नोंदणीला होते आणि त्यावर पुढच्या आर्थिक वर्षाचे पैसे ठरतात, म्हणून तो एक ऑक्टोबर चुकला की वर्ष गेलं.

आता सासूबाईंचं. त्यांची भीती मला कळते, कारण माझा मोठा रिसेप्शनला होता तेव्हा आमच्याकडेही दीड वर्ष फार ओढाताण होती आणि मी तो फॉर्म लाजेनं भरला नाही, आईला फोनवर सांगितलंसुद्धा नव्हतं. गव्हर्नर झाल्यावर पहिल्यांदा प्रीमियमच्या पैशांचा तक्ता समोर आला तेव्हा कळलं की शाळेचं किती नुकसान मी केलं, आणि माझ्या मुलाचंही, त्याला तेव्हा वाचायला मदत हवी होती. शिक्का वगैरे काही नसतो हो. कोणाचं नाव यादीत आहे ते ऑफिसला आणि शिक्षकांना माहीत असतं, वर्गातल्या मुलांना नाही, जेवणाच्या रांगेत सगळे सारखेच असतात. सासूबाईंना एवढंच विचारा, गावाकडे शाळेच्या सवलतीसाठी तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायला किती हेलपाटे मारले असतील, तेव्हा त्याला शिक्का कोणी म्हणत नव्हतं, हक्क म्हणायचे.

मला विचाराल तर हा फॉर्मच नको. सरकारकडे युनिव्हर्सल क्रेडिटची माहिती आधीच आहे, शेफील्डसारख्या काही काउन्सिल आपल्याकडच्या बेनिफिटच्या माहितीवरून मुलांची नावं स्वतःच नोंदवतात आणि ज्यांना नको त्यांनी नाही म्हणायचं. सगळ्या देशात असंच व्हायला पाहिजे, लाज वाटते म्हणून मुलाच्या वाट्याचं जाऊ नये.

प्रश्न: मी केअर वर्कर, २०२३ ला बायको आणि दोन मुलांसह आलो. व्हिसावर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स (एनआरपीएफ), म्हणजे सरकारी बेनिफिट घेता येणार नाहीत, असं स्पष्ट लिहिलंय. मित्र म्हणतात शाळेतून काही घेतलंस तर व्हिसा रिन्यू होणार नाही. मुलगा इयर फोरला आहे, डब्यात रोज ब्रेड-जॅम नेतो.
एक वाचक, लीड्स

उत्तर: मित्र चुकतायत. मित्रांची काळजी खरी आहे पण माहिती चुकीची आहे आणि ती आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतेय. इमिग्रेशनच्या नियमांत पब्लिक फंड्सची यादी दिलेली आहे, त्यात शाळेचं जेवण नाहीये. कोविडमध्ये २०२० ला अशा कुटुंबांतल्या काही मुलांना तात्पुरतं जेवण सुरू केलं आणि २०२२ पासून ते कायमचं झालं, तुमच्यासारख्या व्हिसावरच्या घरांनाही. उत्पन्नाची मर्यादा त्यांच्यासाठी वेगळी आहे: लंडनबाहेर एक मूल असेल तर वर्षाला २२,७०० पाउंड, दोन किंवा जास्त मुलं असतील तर २६,३००. लंडनमध्ये ३१,२०० आणि ३४,८००. शिवाय बचत १६,००० च्या वर नको. यात बसलात तर मुलाचं जेवणही आणि शाळेचा प्रीमियमही.

नेहमीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये तुमचं नाव सापडणार नाही, कारण तो बेनिफिटची माहिती तपासतो, आणि तिथे नाही असं उत्तर आलं की लोक परत फिरतात. तुम्ही ऑफिसमध्ये जा आणि सांगा की आम्ही एनआरपीएफ कुटुंब आहोत, त्या नियमाखाली अर्ज करायचाय. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, व्हिसाचे कागद घेऊन जा. समोरच्या बाईंना नियम माहीत नसेल तर चिडू नका, बऱ्याच ऑफिसात माहीत नसतो, हेडटीचरना भेटायची वेळ मागा. आणि हे पत्र वाचून मला राहवेना म्हणून लिहिते, पुढच्या टर्मची वाट बघू नका, सोमवारीच जा, मुलगा अजून तोच डबा नेतोय.

प्रश्न: माझ्या मुलासाठी शाळेला दीड हजार पाउंड मिळतात हे कळल्यावर मी त्याच्यासाठी टॅबलेट मागितला. शाळेनं नाही म्हटलं. पैसे त्याच्या नावावर येतात तर त्याच्यावर खर्च नको का व्हायला?
एक वडील, मँचेस्टर

उत्तर: तुमचा राग समजतो पण हे मुलाचं बँक खातं नाहीये. त्याच्यामुळे पैसे येतात हे खरं, पण ते कसे वापरायचे ते शाळा ठरवते, आणि ज्याचं नाव यादीत नाही पण गरज आहे अशा मुलावरही शाळा ते खर्च करू शकते. आणि मला ते बरोबर वाटतं, कारण टॅबलेट एका मुलाला मिळाला असता, तेच पैसे एकत्र केले तर आठवड्यातून तीनदा चार-पाच मुलांना बाजूला घेऊन वाचन शिकवणारं माणूस ठेवता येतं.

२०११ लाच एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन नावाची संस्था सरकारच्या साडेबारा कोटी पाउंडांवर उभी राहिली, तिचं कामच हे की शाळेत कशानं फरक पडतो ते तपासून सांगायचं. त्यांच्या अभ्यासातून निघालं की सगळ्यात आधी शिक्षकांचं शिकवणं सुधारण्यावर पैसा लावा, मग मागे पडलेल्यांना छोट्या गटात शिकवा, मग हजेरी, सकाळचा नाश्ता, बोलण्यातल्या अडचणी असं बाकीचं. आमच्या शाळेत एक टीचिंग असिस्टंट होती, दिवसभर एकाच टेबलाशी बसून मुलांना उत्तरं सांगायची, मनापासून करायची पण मुलं तिच्यावरच अवलंबून राहिली. तिला फोनिक्सचं, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवायचं, नीट ट्रेनिंग दिलं, रोज वीस मिनिटांचा ठरलेला तास दिला, आणि वर्षभरात तिच्या गटातली मुलं स्वतःहून पुस्तक उघडायला लागली. हे टॅबलेटनं झालं नसतं.

पण शाळेला जाब विचारायचा तुमचा हक्क पूर्ण आहे. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्येक शाळेला प्यूपिल प्रीमियमचं स्टेटमेंट साइटवर टाकावंच लागतं, किती पैसे आले, कशावर लावणार, मागच्या वर्षी काय साधलं. ते काढून वाचा. फक्त गोल गोल वाक्यं असतील आणि मागच्या वर्षीचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला असेल तर हेडटीचरना पत्र लिहा, माझा मुलगा यातल्या कशात आहे आणि त्याला वाचनात नेमकी कोणती मदत मिळते. हा प्रश्न टॅबलेटच्या प्रश्नापेक्षा जड आहे आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

शाळांची बाजूही सांगायला हवी. २०१५ पासून पाच वर्षं प्रायमरीचा दर १,३२० वरच अडकून होता आणि महागाई थांबली नव्हती, त्यामुळे कितीतरी शाळांत हा जादाचा पैसा बजेटमधली भोकं बुजवायला जातो. मला याचा फार त्रास होतो, कारण ज्या मुलांच्या नावानं तो आला त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही.

प्रश्न: मुलगी अभ्यासात चांगली आहे, कुठेच मागे नाही. तरी तिच्यामागे प्रीमियम मिळतो?
एक आई, लेस्टर

उत्तर: हो. तो मार्कांवर नाही, घरच्या परिस्थितीवर आहे. हुशार मुलीलाही सहलीचे पैसे नसतात, आणि तिलाही पुढे ढकलणारं कोणीतरी लागतं.

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेला शिक्षक, सध्या मुलीकडे बर्मिंगहॅमला आलोय. नातवाच्या शाळेत हे ऐकलं आणि वाटलं आपल्याकडे असं काही का नाही?
एक आजोबा, मूळचे सातारा जिल्ह्यातले

उत्तर: गुरुजी, आपल्याकडे पैसा मुलाच्या हातात वस्तू म्हणून येतो, गणवेश, पुस्तकं, दुपारचं जेवण. तुम्हाला उपस्थिती भत्ता आठवत असेल, १९९२ ला सुरू झालेला, पहिली ते चौथीच्या गरीब घरांतल्या मुलींना हजर दिवसाचा एक रुपया. शाळेला जो पैसा येतो तो मात्र पटावर येतो. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान बघा, ३० पर्यंत पट असेल तर दहा हजार, १०० पर्यंत पंचवीस हजार. ती तीस मुलं ऊसतोड कामगारांची आहेत की नोकरदारांची, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. तुम्ही तुमच्या शाळेत बघितलंच असेल, कारखाने सुरू झाले की निम्मा वर्ग आईबापांबरोबर फडावर जातो आणि मार्चनंतर परत येतो तेव्हा वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून. त्या मुलांना बसवून शिकवायला एक जादाचं माणूस त्या शाळेला मिळायला हवं, आणि ते पटावर नाही, गरजेवर मिळायला हवं. दर वाढवा म्हणणारे खूप आहेत, पण पैसा कशावर मोजायचा हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तुमच्यासारख्यांनी तो तिकडे जाऊन मांडावा असं मनापासून वाटतं.

प्रश्न: मुलगा इयर सिक्सला आहे. सप्टेंबरमध्ये सेकंडरीला गेल्यावर फॉर्म परत भरायचा का? आणि २०२६ पासून नियम बदलतायत म्हणे.
एक आई, रेडिंग

उत्तर: मागच्या सहा वर्षांतली नोंद मुलाबरोबर जाते, प्रीमियमसाठी ती धरली जाते. पण जेवणाचा अर्ज नव्या शाळेत किंवा नवीन काउन्सिलकडे परत करावा लागू शकतो. बदलाचं असं आहे की जून २०२५ ला सरकारनं जाहीर केलं, सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिटवरच्या सगळ्याच घरांतल्या मुलांना जेवण, ७,४०० ची अट जेवणापुरती जाणार. प्रीमियमला मात्र जुनीच अट ठेवलीय, म्हणजे जेवण मिळालं म्हणून प्रीमियम मिळालाच असं धरून चालू नका. जुलैमध्ये शाळा सोडायच्या आधी ऑफिसमध्ये जाऊन मुलाचं नाव प्रीमियमच्या यादीत आहे का एवढं विचारून घ्या.