यंत्रावरून निघालेला दोन पायांचा काळा सेन्सर कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की वार्पिंग मशीनच्या (कापडाचे ताण्याचे धागे गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) जुन्या बोर्डावरून एलईडीसारखा, काळ्या डोक्याचा, दोन पायांचा पार्ट निघाला. नंबर नाही, तर नवीन काय आणायचं? मी सोलापुरात मागांचे आणि वार्पिंगचे बोर्ड दुरुस्त करतो, हा पार्ट नेहमी हातात येतो.

हा एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा पार्ट) नाही, त्याच्या चपट्या तोंडावर नागमोडी रेघ असते. उरले फोटोडायोड आणि फोटोट्रान्झिस्टर, हे दोन्ही उजेड ओळखणारे, आणि इन्फ्रारेड एलईडी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडणारा. रंगावर जाऊ नका. काळं प्लास्टिक दिसणारा उजेड अडवून इन्फ्रारेड आत सोडतं, आणि फोटोडायोड, फोटोट्रान्झिस्टर दोन्ही त्यात मिळतात.

मी हे एकदा अंदाजानं केलं. धागा तुटून किरण अडला की मशीन थांबवायचं, हे त्या सेन्सरचं काम. फोटोट्रान्झिस्टरच्या जागी फोटोडायोड बसवला, तर एकही धागा न तुटता मशीन सारखं थांबायला लागलं. बोर्ड खराब समजून मी आयसीसुद्धा बदलला. खरं कारण वेगळंच होतं: फोटोडायोडचा करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो, फोटोट्रान्झिस्टर तो शेकडो पटींनी वाढवून देतो. एवढ्याशा करंटमुळे बोर्डाला किरण अडलाय असंच वाटत होतं. कारखानदाराचे दोन दिवस गेले, ते अजून मनाला लागतं.

म्हणून आता आधी डोक्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतो, कारण उजेडात फोटोडायोड स्वतःच व्होल्टेज तयार करतो आणि रीडिंग फसवं येतं. डिजिटल मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून प्रोब दोन्ही बाजूंनी लावा. एका बाजूला ०.६-०.७ व्होल्ट आलं तर फोटोडायोड. १.१ च्या आसपास आलं तर इन्फ्रारेड एलईडी. दोन्हीकडे काहीच नाही, तर बहुतेक फोटोट्रान्झिस्टर, किंवा मग जळालेला पार्ट. खात्रीसाठी टेप काढा, मीटर ओहमवर घ्या आणि पार्ट उन्हात धरा. चांगला फोटोट्रान्झिस्टर असेल तर एका दिशेला ओहम झपाट्यानं उतरतात, आणि तेव्हा लाल प्रोब ज्या पायाला असेल तो कलेक्टर (करंट आत घेणारा पाय). बहुधा तो आखूड पाय निघतो आणि प्लसकडे जातो, म्हणजे एलईडीच्या उलट. इथे बरेच जण फसतात. एलईडी ट्यूबखाली ही परीक्षा घेऊ नका, तिच्यात इन्फ्रारेड जवळजवळ नसतो. आपल्याकडे उन्हाला काय तोटा!

आणि नवीन आणण्याआधी जुन्याचं डोकं स्पिरिटनं पुसून पुन्हा मोजा. सुताचा तूस तेलात भिजून लेन्सवर असा घट्ट बसतो की चांगला पार्टही मेल्यासारखा वागतो. अंधारातलं आणि उन्हातलं, दोन्ही रीडिंग इथे टाका, पुढचं सांगतो.