जुन्या नौदल सर्जनच्या हत्यारांची पेटी किती जुनी हे कसं ओळखायचं?
आधी मुठी बघा. करवतीला, सुऱ्यांना एबनी (काळं, कठीण लाकूड) किंवा हस्तिदंताच्या मुठी असतील, त्यावर आडव्याउभ्या खाचा (रक्ताने हात सटकू नये म्हणून) आणि आत मखमल, तर पेटी बहुतेक १८९० च्या आधीची, कारण लिस्टरनंतर (शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायची पद्धत आणणारा ब्रिटिश सर्जन) हळूहळू हत्यारं उकळायला लागले आणि त्यात लाकूड, हस्तिदंत टिकत नाही, मग अख्खी धातूची आली. झाकणावरच्या पितळी पाटीवरचं नाव मात्र नीट वाचा, अ‍ॅडमिरल नेल्सनच्या काळी (साधारण १८०० च्या आसपास) ब्रिटिश नौदलातल्या सर्जनला हत्यारं स्वतःच्या पैशाने घ्यावी लागायची, त्यामुळे नावावरून माणूस आणि त्याचं जहाजसुद्धा सापडू शकतं. आणि प्लीज, घासूनपुसून चकचकीत करू नका हो, मेकरचा बारीक शिक्का त्यातच पुसला जातो.