भारताचे प्राकृतिक विभाग कसे तयार झाले आणि माणसं त्यांचा वापर कसा करतात?

भारताचे प्राकृतिक विभाग पाठ होतात पण डोक्यात बसत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी सातारकडचा, आमच्याकडे पाण्यावाचून दुसरा विषय नसतो, त्यामुळे मला हा भूगोल पाण्यावरूनच कळला, तसाच सांगतो. वाळवंट आणि बेटं सोडून देतो.

हिमालय पटकन उरकू. भारताचा तुकडा दक्षिणेकडून सरकत सरकत साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला आणि मधल्या टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ चुरगळून वर आला. पुरावा कदाचित तुमच्या देवघरातच असेल, नेपाळच्या काळी गंडकीतला शाळिग्राम म्हणजे त्या समुद्रातल्या अमोनाइट नावाच्या प्राण्याचा जीवाश्म. डोंगराच्या भाराने पायथ्याची जमीन खचली, तो खड्डा नद्यांनी गाळाने भरला, तेच गंगेचं मैदान. पायथ्याला दगडगोट्यांचा भाबर पट्टा आहे, तिथे लहान नद्या चक्क जमिनीत गायब होतात आणि खाली तराईत परत वर येतात, म्हणून तराई दलदलीची. पुढे मैदानात बहुतेक ठिकाणी हातपंप ठोकला की पाणी, मग गहू, ऊस, भात आणि एवढी दाट वस्ती.

आता आपलं दख्खन. इथे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा येत राहिला, थरावर थर, घाटात डोंगराला पायऱ्या दिसतात त्या ह्याच. विहीर खणताना हे नीट दिसतं. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ ज्याला सुरुंगच लागतो, आणि मध्येच एखादा लालभडक पट्टा, म्हणजे एक लाव्हा थंड होऊन झिजत पडला होता आणि त्याच्यावर दुसरा आला. पाणी सापडतं ते मुरमात, सच्छिद्र थरात आणि कातळाच्या फटीत, बाकी दगड कोरडा ठणठणीत. म्हणून शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी आणि आपल्या बोअरला नुसता धुरळा. हातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याचा धंदा ह्याच्यावरच चालतो (माझा विश्वास नाही, पण चुलते बोलावतातच). काळ्या मातीचं मात्र मानलं पाहिजे, ती ओल धरून ठेवते, सोलापूरकडे रब्बीची ज्वारी त्या ओलीवरच निघते.

सह्याद्री पश्चिमेला एकदम तुटलाय आणि पठार पूर्वेला कललंय, त्यामुळे गोदावरी अरबी समुद्रापासून १०० किमीच्या आत उगम पावते आणि जाते पार बंगालच्या उपसागराला. पाऊस पण तसाच, महाबळेश्वरला ६००० मिमीच्या आसपास आणि माण-फलटणकडे ५०० च्या आसपास, दोन्ही एकाच जिल्ह्यात! कोयना खरं तर पूर्वेला कृष्णेत जाणारी नदी, पण घाटाचा उतार वापरायचा म्हणून धरणाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणातल्या पोफळीकडे खाली सोडतात, त्यावर १९६० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे. वीज सगळ्या राज्याला मिळते हे खरं, पण तेच पाणी पुढे वाशिष्ठी नदीतून समुद्रात जातं आणि इकडे माणमध्ये टँकर, त्यामुळे हा हिशोब आमच्याकडे कुणाला गोड लागत नाही.

खाली कोकणात पाऊस धो धो, तरी मार्च-एप्रिलला विहिरी तळाला जातात, कारण जांभा. पावसाने दगडातलं बाकी सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा भोकाभोकांचा दगड, पाणी धरतच नाही. पण खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, चिरे कापता येतात, मग हवेत टणक होतो, घरं त्याचीच. हापूसला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून त्याला ही जमीन मानवते.

पूर्व किनाऱ्याला ह्यातलं काही लागू नाही, तिथे परत गाळ, गोदावरी-कृष्णेने आमच्याच डोंगरांतून वाहून नेलेला, आणि त्याच्यावर भात पिकवतात आंध्रवाले.